फुप्फुसातल्या जुनाट संसर्गावर खारं पाणी: चाचण्यांनी नेमकं काय दाखवलं?

फुप्फुसात वर्षानुवर्षं ठाण मांडून बसलेला जंतुसंसर्ग, आणि त्यावर उपाय म्हणून श्वासावाटे आत घ्यायचं मिठाचं पाणी. ऐकताना हा कुणीतरी सांगितलेला घरगुती तोडगा वाटतो. पण गेली तीसएक वर्षं मोठमोठ्या रुग्णालयांत या उपायाच्या रीतसर चाचण्या होत आल्या आहेत. शेकडो रुग्णांनी वर्षवर्षभर सकाळ-संध्याकाळ हा फवारा घेतला आहे, आणि निष्कर्ष आघाडीच्या वैद्यकीय नियतकालिकांत छापून आले आहेत. ते निष्कर्ष एकसारखे मात्र नाहीत. एका आजारात फायदा दिसला, त्याच्या जवळच्या दुसऱ्या आजारात ठामपणे दिसला नाही. लहान मुलांमध्ये एका मोजमापाने शून्य फरक निघाला, दुसऱ्या मोजमापाने निघाला. काय मोजलं आणि कशाशी तुलना केली हे बारकाईने पाहिलं की यातला बराचसा उलगडा होतो, म्हणून जरा खोलात जाऊ या.

संसर्ग जुनाट का होतो

साधा न्यूमोनिया झाला, अँटिबायोटिक घेतलं, काही आठवड्यांत माणूस उठून कामाला लागला, हा झाला तात्पुरता संसर्ग. जुनाट संसर्गाची तऱ्हा वेगळी. औषध घेतलं की खोकला कमी होतो, बेडक्याचा हिरवट-पिवळा रंग निवळतो, अंगात ताकद येते. मग काही महिन्यांनी थुंकी तपासायला दिली की तोच जंतू पुन्हा हजर.

असं प्रामुख्याने दोन आजारांत घडतं. पहिला सिस्टिक फायब्रोसिस. हा जन्मजात, आनुवंशिक आजार. यात पेशींच्या आवरणातून क्लोराइड बाहेर सोडणारी वाट बिघडलेली असते. त्यासाठी जबाबदार असलेलं सीएफटीआर हे जनुक १९८९ साली सापडलं. दुसरा आजार ब्रॉन्किएक्टॅसिस. यात श्वासनलिकांच्या भिंती खराब होऊन नळ्या कायमच्या रुंदावतात आणि त्यांत कफ साचत राहतो. क्षयरोग, लहानपणी झालेला जोराचा न्यूमोनिया किंवा डांग्या खोकला, प्रतिकारशक्तीतला दोष अशी अनेक कारणं यामागे असू शकतात. कित्येक रुग्णांत तर सगळ्या तपासण्या करूनही कारण हाती लागत नाही.

दोन्हींमध्ये घडतं ते सारखंच. कफ हलत नाही, म्हणून त्यात जंतू वाढतात. जंतू वाढले की शरीर त्यांच्यावर पांढऱ्या पेशी धाडतं. त्या पेशी मरताना जी रसायनं आणि जो डीएनए सोडतात, त्याने नळ्यांच्या भिंती आणखी खराब होतात आणि कफ आणखी चिवट बनतो. मग तो आणखीच हलत नाही. पीटर कोल या ब्रिटिश डॉक्टरांनी १९८०च्या दशकात ब्रॉन्किएक्टॅसिससाठी या दुष्टचक्राची मांडणी केली आणि उपचारांचा विचार आजही तिच्याच आधाराने होतो.

यातला सगळ्यात चिवट रहिवासी म्हणजे सूडोमोनास एरुजिनोसा. सुरुवातीलाच पकडला तर अँटिबायोटिकचा फवारा देऊन त्याला बऱ्याचदा घालवता येतं. एकदा मुरला की तो स्वतःभोवती अल्जिनेट नावाचा बुळबुळीत पदार्थ तयार करतो आणि हजारोंच्या वसाहतीने त्यात राहतो. या थराला बायोफिल्म म्हणतात. मोकळ्या जंतूला जेवढं अँटिबायोटिक पुरतं, त्याच्या कितीतरी पट बायोफिल्ममधल्या जंतूला लागतं. त्यातले काही जंतू जवळजवळ निद्रिस्त असतात आणि वाढणाऱ्या जंतूंवर घाव घालणारी औषधं त्यांच्यावर फारशी चालत नाहीत. म्हणूनच टोब्रामायसिनसारखं औषध फवाऱ्याने थेट फुप्फुसात दिलं तरी जंतूंची संख्या घटते, पण ते बहुधा संपत नाहीत.

जंतू मारणं इतकं अवघड असेल, तर ते ज्यात राहतात तो कफच बाहेर काढता येईल का? खाऱ्या पाण्याचा विचार इथून सुरू होतो.

कफ हलतो कसा

रोज साधारण दहा हजार लिटर हवा आपल्या फुप्फुसांत ये-जा करते, आणि तिच्याबरोबर धूळ, परागकण, जंतू आत जातात. तरीही निरोगी माणसाची फुप्फुसं स्वच्छ राहतात, कारण श्वासनलिकांना आतून कफाचं पातळ अस्तर असतं. त्या अस्तराखाली पेशींवरचे अतिसूक्ष्म केस दर सेकंदाला दहा-पंधरा वेळा एका दिशेने हलत असतात. कफाचा थर या केसांवरून सरकत्या पट्ट्यासारखा घशाकडे वर चढतो आणि आपण तो नकळत गिळून टाकतो.

हे केस सात मायक्रॉनच्या आसपास उंच असतात. एका मिलिमीटरचे हजार भाग करा आणि त्यातले सात घ्या, एवढीच ती उंची. त्यांना हलायला जागा मिळावी म्हणून मुळाशी पाण्यासारखा पातळ थर लागतो. निरोगी कफात सुमारे अठ्ठ्याण्णव टक्के पाणीच असतं. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये क्लोराइड बाहेर पडत नाही आणि सोडियम जास्त शोषलं जातं. मिठाच्या मागोमाग पाणीही पेशींमध्ये ओढलं जातं. कफातला घन भाग दोन टक्क्यांवरून कित्येक पटींनी वाढतो, तो घट्ट होतो, केसांवर दाबून बसतो आणि केस त्याच्याखाली चेपले जातात.

आता या पृष्ठभागावर तीव्र खारं पाणी शिंपडलं तर? परासरण शाळेत शिकलेलं असतं: पाणी कमी मिठाकडून जास्त मिठाकडे जातं. श्वासनलिकेच्या आतल्या बाजूला मीठ वाढलं की पेशींमधून पाणी बाहेर येतं, केसांभोवतीचा पाण्याचा थर जाड होतो, कफ सैल पडतो आणि केसांना हलायला जागा मिळते. शिवाय खारं पाणी खोकला आणतं, त्यानेही सैल झालेला कफ सुटतो.

नेहमीचं सलाइन ०.९ टक्क्याचं असतं. म्हणजे १०० मिलीलिटर पाण्यात ०.९ ग्रॅम मीठ, आपल्या रक्ताशी जुळणारं. उपचारासाठी वापरतात ते ३, ६ किंवा ७ टक्क्यांचं. समुद्राचं पाणी साधारण साडेतीन टक्के खारं असतं, म्हणजे ७ टक्क्यांचं द्रावण त्याच्याही दुप्पट.

ऑस्ट्रेलियात लाटांवर सर्फिंग करणाऱ्या सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांची छाती इतरांपेक्षा मोकळी राहते, असं तिथल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं. हा किस्सा खूप सांगितला जातो. पण पुरावा म्हणून तो लंगडाच आहे, कारण ज्याची फुप्फुसं आधीच बरी आहेत तोच रोज लाटांवर जाऊ शकतो, आणि व्यायामानेही कफ सुटतो. समुद्रामुळे फुप्फुसं सुधारली की फुप्फुसं चांगली होती म्हणून समुद्र जमला, हे नुसतं पाहून कळत नाही. चाचणी हवी ती एवढ्यासाठीच.

मीठ घातक ठरेल, अशीही शंका होती

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण आज मागे वळून पाहताना सगळं सरळ वाटतं आणि तेव्हा ते तसं नव्हतं. १९९६ साली 'सेल' या नियतकालिकात अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी एक वेगळीच कल्पना मांडली. सिस्टिक फायब्रोसिसच्या श्वासनलिकांवरच्या द्रवात मीठ जास्त असतं, आणि त्या जादा मिठामुळे शरीराची स्वतःची जंतुनाशक प्रथिनं निकामी होतात, असं त्यांचं म्हणणं. डिफेन्सिनसारखी ही प्रथिनं मीठ वाढलं की खरोखरच ढेपाळतात, हे प्रयोगशाळेत दिसलं होतं.

दोनच वर्षांनी, १९९८ मध्ये, त्याच नियतकालिकात नॉर्थ कॅरोलिनातल्या गटाने उलट मत मांडलं. त्यांच्या मते द्रवातलं मीठ नेहमीइतकंच असतं. कमी असतो तो द्रवच.

दोन्ही कल्पनांमधून निघणारा सल्ला एकमेकांच्या विरुद्ध होता. पहिली बरोबर असेल तर रुग्णाला खारं पाणी देणं म्हणजे त्याचं उरलंसुरलं संरक्षणही काढून घेणं. दुसरी बरोबर असेल तर तेच खारं पाणी औषध. त्यामुळे पुढे ज्या चाचण्या झाल्या, त्यांत फायद्याइतकीच जंतू वाढतात का याचीही मोजणी करणं भाग होतं.

मीठ स्वतः जंतू मारेल, ही आशाही फारशी धरता येत नाही. प्रयोगशाळेत स्टॅफिलोकोकस ऑरियस (थोडक्यात स्टॅफ) हा जंतू वेगळा काढायला बशीत मॅनिटॉल सॉल्ट अगार नावाचं जंतू वाढवायचं जे खाद्य वापरतात, त्यात साडेसात टक्के मीठ घातलेलं असतं. इतर बरेच जंतू त्यात वाढू शकत नाहीत, स्टॅफ मात्र खुशाल वाढतो. आणि तो सिस्टिक फायब्रोसिसच्या फुप्फुसात, विशेषतः मुलांमध्ये, हमखास सापडणारा जंतू आहे. शिवाय बशीतलं मीठ तिथंच राहतं, पण फुप्फुसात ते पडताच पेशींमधून पाणी येऊन पातळ होऊ लागतं. मिठाचं काम जंतूंना मारण्याचं नाही, त्यांची जागा हलवण्याचं आहे, असं मानूनच चाचणी आखावी लागते.

२००६ ची ऑस्ट्रेलियन चाचणी

त्याआधी छोटे अभ्यास झाले होते. सिडनीतल्या संशोधकांनी १९९७ मध्ये ०.९, ३, ७ आणि १२ टक्के अशा वेगवेगळ्या तीव्रतेचं पाणी देऊन कफ किती वेगाने वर सरकतो हे मोजलं. त्यासाठी रुग्णाला अतिशय सौम्य किरणोत्सारी कण श्वासावाटे देतात आणि ते छातीतून किती लवकर निघून जातात हे कॅमेऱ्याने टिपतात. तीव्रता वाढली तसा कफ जास्त हलला. पण १२ टक्क्यांनी घशाची आग होत होती. ७ टक्के हा आकडा अशा तडजोडीतून पुढे रुळला.

मग मार्क एल्किन्स, पीटर बाय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातल्या १६ रुग्णालयांत मोठी चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष जानेवारी २००६ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आले. सिस्टिक फायब्रोसिस असलेले, वयाची सहा वर्षं पूर्ण केलेले १६४ रुग्ण होते. कोण कुठल्या गटात हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. एका गटाला ७ टक्क्यांचं आणि दुसऱ्याला ०.९ टक्क्याचं पाणी, दोघांनाही ४ मिलीलिटर, दिवसातून दोनदा, ४८ आठवडे. आधी श्वासनलिका सैल करणारं औषध सगळ्यांनाच.

इथे एक अडचण होती. चाचणीत रुग्णाला आणि डॉक्टरला कोणाला काय मिळतंय ते कळू नये, नाहीतर अपेक्षेचा रंग उत्तरांवर चढतो. पण जिभेला खारटपणा कळणारच. म्हणून दोन्ही द्रावणांत थोडं क्विनीन मिसळलं. त्याच्या कडवटपणात खारट चव झाकली जावी, असा बेत. मला यात संशोधकांची तळमळ दिसते: उत्तर आपल्या बाजूने यावं यापेक्षा ते खरं यावं, ही.

आता निकाल. चाचणी सुरू करण्याआधीच संशोधकांना एक मुख्य प्रश्न जाहीर करावा लागतो, आणि त्याच्याच उत्तरावर यश-अपयश ठरतं. हा नियम नसता तर वीस गोष्टी मोजून जी बरी दिसेल ती मिरवता आली असती. इथे मुख्य प्रश्न होता: ४८ आठवड्यांत फुप्फुसांची क्षमता बदलण्याचा वेग दोन गटांत वेगळा आहे का? उत्तर आलं, नाही. म्हणजे कागदोपत्री चाचणी तिच्या मुख्य कसोटीवर उतरली नाही.

पण आलेख समोर ठेवला की गोष्ट वेगळी दिसते. ७ टक्के घेणाऱ्यांची क्षमता पहिल्या काही आठवड्यांतच वर गेली आणि मग तिथेच टिकून राहिली. पुढे दोन्ही गटांच्या रेषा समांतर चालल्या. समांतर रेषांचा उतार सारखाच असतो, म्हणून वेगात फरक निघाला नाही. पण एक रेषा दुसरीच्या वर होती. जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा ७ टक्क्यांच्या गटात सरासरी ६८ मिलीलिटरने जास्त होती, आणि एकूण फुंकलेली हवा ८२ मिलीलिटरने. हे आकडे लहान आहेत, आणि ते लहान आहेत असंच सांगायला हवं.

मोठा फरक दिसला तो आजार उसळण्यात. खोकला अचानक वाढतो, कफ वाढतो, ताप येतो, धाप लागते, आणि शिरेतून अँटिबायोटिक घेण्यात बऱ्याचदा दोन आठवडे जातात. ७ टक्क्यांच्या गटात असे प्रसंग ५६ टक्क्यांनी कमी झाले. वर्षभरात एकदाही आजार न उसळलेले या गटात ७६ टक्के होते, दुसऱ्या गटात ६२ टक्के. शाळा आणि काम बुडण्याचे दिवसही घटले. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये अशा प्रत्येक उसळीनंतर साधारण चौघांपैकी एकाची फुप्फुसं पूर्वीच्या पातळीवर परत येत नाहीत, हे नंतरच्या अभ्यासांत दिसलं. त्यामुळे उसळी टळण्याची किंमत ६८ मिलीलिटरपेक्षा खूप मोठी आहे.

आणि जंतू? थुंकीतला संसर्ग बळावला नाही, दाहही वाढला नाही. मीठ संरक्षण काढून घेईल ही भीती प्रत्यक्ष रुग्णांमध्ये खरी ठरली नाही. त्याच अंकात नॉर्थ कॅरोलिनातल्या गटाचा २४ रुग्णांचा छोटा अभ्यास होता. खारं पाणी पेशींत लगेच शोषलं जाऊ नये म्हणून आधी सोडियमचं शोषण रोखणारं अमिलोराइड हे औषध दिलं तर परिणाम जास्त वेळ टिकेल, असा त्यांचा कयास होता. घडलं उलटंच. नुसत्या खाऱ्या पाण्याने कफ आठ तासांपर्यंत जास्त वेगाने हलत राहिला आणि अमिलोराइडने तो टिकाऊ फायदा घालवला, कारण ते पाणी बाहेर येण्याच्या वाटेतच अडथळा आणत होतं. तर्काला पटलेली गोष्ट माणसावर तपासून पाहावी लागते, ती अशी.

लहान मुलं: एकच उपाय, दोन उत्तरं

मोठ्यांना फायदा होतो तर फुप्फुसं बिघडण्याआधीच, बाळपणापासून सुरुवात का करू नये? २०१२ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या चाचणीचा निकाल आला. चार महिने ते पाच वर्षं वयाची ३२१ मुलं, ७ टक्के विरुद्ध ०.९ टक्के, ४८ आठवडे. दोन्ही गटांत वर्षाला सरासरी २.३ उसळ्या. फरक जवळजवळ शून्य.

इतक्या कष्टाने केलेल्या चाचणीचं हे उत्तर निराश करणारं होतं. पण एवढ्या लहान मुलाला सर्दी झाली की खोकला येतोच, आणि फुप्फुसाचा बिघाड कुठला व साध्या विषाणूचा खोकला कुठला, हे वेगळं काढणं फार अवघड. शिवाय 'जोरात फुंक' म्हटल्यावर दोन वर्षांचं मूल फुंकत नाही, म्हणजे मोठ्यांचं नेहमीचं मोजमापही हाताशी नाही.

मग मोजमाप बदललं. मूल शांतपणे श्वास घेत असताना फुप्फुसात भरलेला एक निरुपद्रवी वायू त्याच्या मूळ प्रमाणाच्या चाळिसाव्या भागावर यायला किती हवा आतबाहेर करावी लागते, ते मोजतात. लहान नळ्यांत कफ अडकलेला असेल तर वायू बाहेर पडायला वेळ लागतो आणि आकडा वाढतो. तीन ते सहा वर्षांच्या १५० मुलांवर हे मोजमाप वापरलेली चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि त्यात ७ टक्क्यांच्या गटाचा आकडा स्पष्टपणे सुधारला. म्हणजे खाऱ्या पाण्याचा परिणाम लहान मुलांतही होतो. मात्र यंत्रावरचा आकडा सुधारला म्हणजे मूल कमी वेळा आजारी पडेल, हे त्यातून सिद्ध होत नाही. या दोन गोष्टींत गल्लत होऊ देऊ नये.

ब्रॉन्किएक्टॅसिसमध्ये तसंच होईल का?

होईल असं गृहीत धरणं धोक्याचं आहे, आणि याचा धडा आधीच मिळालेला होता. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये कफातला डीएनए तोडणारं डॉर्नेज अल्फा हे औषध चांगलं काम करतं. १९९८ मध्ये तेच औषध कारण न सापडलेल्या ब्रॉन्किएक्टॅसिसच्या ३४९ रुग्णांवर तपासलं, तेव्हा ते घेणाऱ्यांचा आजार उलट जास्त वेळा उसळला आणि फुप्फुसांची क्षमताही घटली. लक्षणं सारखी दिसली तरी आतला बिघाड वेगळा असतो.

खाऱ्या पाण्याने असं नुकसान दिसलं नाही, पण फायद्याचं चित्रही धूसर राहिलं. २०१२ मधल्या एका ऑस्ट्रेलियन चाचणीत ४० रुग्णांना वर्षभर ६ टक्क्यांचं किंवा ०.९ टक्क्याचं पाणी दिलं. दोन्ही गटांची तब्येत सुधारली, आणि दोघांत फरक मिळाला नाही. आता याचा अर्थ काय लावायचा? तीव्र द्रावण निरुपयोगी, असा? की ०.९ टक्क्याचा ओलावा, त्याच्या जोडीने नियमित काढलेला कफ आणि डॉक्टरांचं वर्षभराचं लक्ष, हाच एक उपचार होता? काहीच न घेणारा तिसरा गट नव्हता, त्यामुळे त्या चाचणीतून याचं उत्तर निघू शकत नाही. नकली औषध म्हणून जे निवडलं तेच थोडंफार गुणकारी असेल तर खऱ्या औषधाचा फायदा झाकला जातो. ०.९ टक्क्याच्या पाण्याशी तुलना करणाऱ्या प्रत्येक चाचणीत ही अडचण राहते.

ब्रिटनमधल्या क्लिअर नावाच्या चाचणीने म्हणूनच वेगळा मार्ग धरला. २० रुग्णालयांतले २८८ रुग्ण, ५२ आठवडे. काहींना ६ टक्क्यांचं पाणी, काहींना कफ पातळ करणारं कार्बोसिस्टीन, काहींना दोन्ही, आणि काहींना फक्त नेहमीची काळजी. इथे नकली फवारा ठेवलाच नाही. त्यामुळे तुलना खऱ्या आयुष्याशी जुळणारी झाली, पण आपल्याला काय मिळतंय हे रुग्णाला ठाऊक होतं. २०२५ मध्ये निकाल आला: खारं पाणी घेणाऱ्यांमध्ये वर्षाला सरासरी ०.७६ उसळ्या, न घेणाऱ्यांमध्ये ०.९८. आकडा कमी आहे, पण एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो, असं गणित सांगत होतं. म्हणून संशोधकांनी फायदा सिद्ध झाला नाही असाच निष्कर्ष लिहिला. कार्बोसिस्टीनचाही झाला नाही.

'फायदा सिद्ध झाला नाही' आणि 'फायदा नाही हे सिद्ध झालं' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. ब्रॉन्किएक्टॅसिसच्या प्रत्येक रुग्णाला सरसकट खारं पाणी लिहून देण्यासाठी पुरावा नाही, एवढं यातून ठामपणे म्हणता येतं. ज्याचा कफ फारच चिकट आहे, फिजिओथेरपी करूनही सुटत नाही, त्याला डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे देऊन पाहणं, फरक वाटला तर ठेवणं आणि नाही वाटला तर थांबवणं, हे मला तरी रास्त वाटतं.

घेण्याआधी माहीत असायला हवं असं

खारं पाणी निरुपद्रवी नाही. साडेचार टक्क्यांचं द्रावण दम्याच्या तपासणीत मुद्दाम श्वासनलिका आवळतात का ते पाहायला वापरलं जातं. म्हणजे ज्याच्या नळ्या संवेदनशील आहेत त्याला याने छाती आवळून येऊ शकते. म्हणून पहिला डोस रुग्णालयातच घ्यायचा, आधी साल्ब्युटामॉलसारखं श्वासनलिका सैल करणारं औषध घेऊन, आणि आधी व नंतर फुंकण्याची तपासणी करून.

घरच्या मिठाचं पाणी कालवून ते कधीही नेब्युलायझरमध्ये, म्हणजे फवारा तयार करणाऱ्या यंत्रात, घालू नये. द्रावण निर्जंतुक लागतं. नळाच्या पाण्यात सूडोमोनास आणि क्षयाच्या जातकुळीतले इतर जंतू असू शकतात, आणि फवाऱ्याने ते थेट तिथेच पोचतात जिथून आपल्याला त्यांना हुसकायचं आहे. नेब्युलायझरचे भाग प्रत्येक वापरानंतर धुऊन, निर्जंतुक करून, पूर्ण वाळवून ठेवणं हा उपचाराचाच भाग समजावा.

मीठ घालून वाफारा घेतला तर? त्याने मीठ फुप्फुसात जात नाही. पाणी उकळलं की वाफ निघते ती शुद्ध पाण्याची. मीठ भांड्यातच राहतं. नेब्युलायझर पाण्याची वाफ करत नाही, तो द्रावणाचे बारीक थेंब करतो, साधारण एक ते पाच मायक्रॉनचे, आणि प्रत्येक थेंबात मीठ असतं.

वेळेचाही प्रश्न आहे. एका वेळच्या फवाऱ्याला पंधरा-वीस मिनिटं, त्यानंतर कफ काढायचे व्यायाम, मग सफाई, आणि हे दिवसातून दोनदा, रोज. आजाराने आधीच थकलेल्या माणसाकडून आपण हे मागतो आहोत. फायदा किती याची खात्री करून घेणं म्हणूनच गरजेचं ठरतं.

आता थांबवता येईल का?

२०१९ मध्ये अमेरिकेत एलेक्साकाफ्टर, टेझाकाफ्टर आणि आयव्हाकाफ्टर या तीन औषधांच्या एकत्रित गोळीला मान्यता मिळाली. ही गोळी बिघडलेलं सीएफटीआर प्रथिनच दुरुस्त करते, म्हणजे पाणी कमी पडण्याच्या मूळ कारणावर काम करते. मग रोजच्या फवाऱ्याची गरज उरते का? सिम्प्लिफाय या चाचणीत ही गोळी घेणाऱ्या, बारा वर्षांवरच्या ३७० जणांपैकी निम्म्यांना खारं पाणी थांबवायला सांगितलं आणि निम्म्यांना चालू ठेवायला. सहा आठवड्यांनी फुप्फुसांच्या क्षमतेत दखल घेण्याजोगा फरक नव्हता. कित्येकांच्या दिवसातला जवळपास तासभर त्यामुळे मोकळा झाला.

पण या चाचणीत बऱ्यापैकी चांगली फुप्फुसं असलेल्यांनाच घेतलं होतं, आणि सहा आठवडे हा काळ लहान आहे. नव्या गोळीने थुंकीतले जंतू खूप घटतात, तरी ज्यांच्यात सूडोमोनास मुरलेला होता त्यातल्या बऱ्याच जणांत तो टिकून राहतो, हेही दिसलं आहे. सिस्टिक फायब्रोसिसच्या सुमारे दहा टक्के रुग्णांच्या जनुकीय दोषावर ही गोळी चालतच नाही, आणि जगात असंख्य रुग्णांपर्यंत ती पोचलेली नाही. या सगळ्यांसाठी ७ टक्क्यांचं खारं पाणी, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, हा आजही चालू असलेला उपचार आहे, आणि त्यांच्यातल्या कोणाला तो सगळ्यात जास्त उपयोगी पडतो हे आधीच ओळखता यावं, यासाठीच्या चाचण्या अजून व्हायला हव्यात.